पगार ४८,०००, शिल्लक २,५००, आणि तरी कार्डावर थकबाकी: तक्ता कुठे चुकतो?

जमाखर्च
नमस्कार मंडळी. घरखर्चाचे आराखडे इथे बरेचदा येतात. बहुतेकांत एकच दोष दिसतो: तक्ता महिन्याचा मांडलेला असतो आणि खर्च वर्षाचे असतात. चर्चेला धरून राहता यावं म्हणून एक नमुना मांडतो. पिंपरी-चिंचवडमधलं तिघांचं घर, मूल प्राथमिक शाळेत, हातात येणारा पगार ४८,०००.

भाडं आणि मेंटेनन्स १३,०००
किराणा, दूध, भाजी, गॅस ११,५००
वीज, मोबाइल, इंटरनेट २,३००
पेट्रोल, बस २,८००
शाळेची व्हॅन २,०००
गावी आईवडिलांना ३,०००
औषधं आणि किरकोळ १,९००

घरखर्च झाला ३६,५००. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ६,४३० (बाकी १,६०,०००, व्याज १५ टक्के, ३० हप्ते उरलेत). दुचाकीचा हप्ता २,५७० (९ उरलेत). सगळं मिळून ४५,५००, म्हणजे कागदावर २,५०० उरतात.

क्रेडिट कार्डावर ६०,००० थकले आहेत. महिन्याला ३.५ टक्के दरानं व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. उरलेले अडीच हजार इथेच संपतात आणि मुद्दल जागचं हलत नाही.

आता तक्त्यात नसलेले खर्च पाहा. शाळेची फी २४,०००, आरोग्य विमा १४,०००, टर्म विमा ९,०००, दुचाकीचा विमा २,०००, गणपती आणि दिवाळी १५,०००, गावी जाणं-येणं ६,०००, उन्हाळ्यातलं साठवणीचं धान्य आणि मसाला ८,०००. बेरीज ७८,०००. दिवाळीचा ३०,००० बोनस वजा केला तरी ४८,००० उरतात, म्हणजे महिन्याला ४,०००. या चार हजारांचा रकानाच तक्त्यात नाही. कार्डावरची बाकी तिथूनच चढली आहे.

माझं मत: आधी हा रकाना, मग कर्जफेड. रकाना नसेल तर कार्ड आज फेडलं तरी जूनमध्ये पुन्हा चढेल. तुम्ही क्रम कसा लावाल?

पेन्सिल
रकान्याचं निदान पटलं, क्रम पटला नाही. बचत खात्यात २०,००० बाजूला ठेवले तर अडीच टक्क्यांनी महिन्याला साधारण ४२ रुपये मिळतील. तेच २०,००० कार्डावर थकलेले असतील तर जीएसटी धरून ८२६ रुपये जातील. एका हातानं ४२ घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं ८२६ द्यायचे, हा व्यवहार होत नाही. जे असेल ते कार्डावर भरा. जूनमध्ये फी आली तर कार्डावर भरता येईलच की. व्याज तेवढंच पडेल.

रेवातीर
@पेन्सिल, "तेवढंच पडेल" इथे गफलत आहे. बिल पूर्ण भरणाऱ्याला खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळतात. थोडीशीही बाकी पुढे ओढली की ही सवलत जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासूनच व्याज सुरू होतं. ५ जूनला २४,००० ची फी कार्डावर भरली तर त्याच दिवसापासून मीटर चालू.

दुसरं म्हणजे कार्डाची मर्यादा ही आपली शिल्लक नव्हे. बाकी वाढताना दिसली की बँक मर्यादा कमी करू शकते, आणि ती नेमकी आपल्या अडचणीच्या दिवसांत कमी होते.

किमान देय रकमेबद्दलही बरेच गैरसमज दिसतात. ती साधारण ५ टक्के असते, म्हणजे या उदाहरणात ३,०००. त्यातले २,४७८ व्याज-जीएसटीत जातात, मुद्दल उतरतं ५२२ नं. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क टळतं. व्याज टळत नाही.

चाफा
५२२! हा आकडा बिलावर ठळक अक्षरांत छापायला हवा.

मुनीमजी
रकाना आधी की कार्ड आधी, हा वाद कार्डाचा ४२ टक्के दर (महिन्याचे ३.५ गुणिले १२) कायम धरून चालला आहे. आधी दर बदला. महाग कर्ज स्वस्त कर्जात वळवलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. या घरासाठी तीन वाटा दिसतात.

पहिली, कार्डाच्या थकबाकीचे हप्ते करून घेणं. बँकेनं १८ टक्के दर दिला तर ६०,००० ला २४ महिन्यांचा हप्ता २,९९५ होतो. प्रक्रिया शुल्क वेगळं, आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतोच. पहिल्या महिन्यात ९०० व्याज, त्यावर १६२. ही मागणी बिलाच्या शेवटच्या तारखेआधी करा आणि फोनवर होकार मिळाला तरी पुढच्या बिलात हप्ता दिसतो का ते तपासा.

दुसरी, नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथलं कर्ज. १० टक्के धरला तर २४ महिन्यांना हप्ता २,७६९, आणि तो पगारातूनच कापला जातो.

तिसरी, सोनेतारण. १० टक्क्यांनी ६०,००० ला महिन्याचं व्याज ५००. व्याज दरमहा भरायचं आणि मुद्दल जमेल तसं.

एक बारकावा: कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आहे. दरांची तुलना करताना कार्डाचे ३.५ हे ४.१३ धरून मांडा.

आपल्या तक्त्यात पहिल्या दोन वाटांचा हप्ता आज बसत नाही, कारण उरतात अडीच हजार आणि त्यातही चार हजारांचा रकाना घालायचा आहे. दुचाकीचे ९ हप्ते संपेपर्यंत तिसरी वाट सोयीची.

बोरीबाभळी
दागिना गहाण ठेवायला बऱ्याच घरांत विरोध असतो, विशेषतः स्त्रीधन असेल तर. तो विरोध रास्त आहे. सोनं जिचं आहे तिचा होकार आणि कागदावर तिचं नाव, या दोन्ही गोष्टी हव्यात. पावती तिच्याच नावाची करा.

आबाकाका
@बोरीबाभळी, अगदी खरं. बाकी सोनेतारण करताना काय बघायचं ते सांगतो.

पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. खडे, लाख, मीना यांचं वजन वजा होतं आणि सोडवताना वाद होतो तो याच आकड्यावरून. कॅरट किती धरला तेही लिहून घ्या. मूल्याच्या ७० ते ७५ टक्के रक्कम सहज मिळते, पण तेवढी उचलू नका. ६०,००० हवे असतील तर सव्वा लाखाच्या आसपासचं सोनं ठेवा. भाव घसरला तर वरची रक्कम भरायचा तगादा लागत नाही.

मुख्य धोका वर्षअखेर एकरकमी फेडीच्या योजनेत. वर्षभर काहीच भरायचं नसतं म्हणून ती सोपी वाटते. बाराव्या महिन्यात मुद्दल-व्याज मिळून सहासष्ट हजारांच्या पुढे रक्कम एकदम उभी राहते, आणि नाही जमलं तर नोटीस आणि लिलाव. म्हणून दरमहा व्याज भरायची किंवा ओव्हरड्राफ्ट पद्धतीची योजना मागा. ओव्हरड्राफ्टमध्ये पाचशे-हजार जास्तीचे भरले तरी त्या दिवसापासून व्याज कमी होतं.

खानदेशकन्या
बारा जणींची ५,००० ची भिशी असेल तर पहिला नंबर घेऊन थेट ६०,००० हातात येतात, तेही बिनव्याजी. हा मार्ग का नाही?

मुनीमजी
@खानदेशकन्या, व्याजाच्या दृष्टीनं त्याहून स्वस्त काही नाही. पण पुढचे महिने दरमहा ५,००० भरायचे आहेत आणि या तक्त्यात ते नाहीत. एक हप्ता चुकला तर बिचाऱ्या शेवटच्या नंबरवालीचे पैसे अडकतात. लिलावाची भिशी असेल तर लवकर उचलणारा रक्कम सोडून देतो. ६०,००० ऐवजी ५२,००० उचलले तर ते ८,००० म्हणजे व्याजच. आणि नोंदणी नसलेल्या भिशीत पैसे बुडाले तर दाद मागायला हातात कागद नसतो.

सातबारा
पतसंस्थेचा विषय निघाला म्हणून लिहितो, थोडं अवांतर आहे. सहकारी बँक आणि पतसंस्था यांत लोक फार गल्लत करतात. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. कर्ज पतसंस्थेतून घ्यायला हरकत नाही, पण अडीअडचणीची शिल्लक अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून तिथे ठेवू नका.

कर्जाचा खर्च मोजताना सक्तीची मासिक वर्गणी आणि कर्जातून कापून घेतलेली भागाची (शेअरची) रक्कम धरा. ६०,००० मंजूर होतात आणि हातात ५७,००० येतात, व्याज मात्र ६०,००० वर. शिवाय जामीनदार लागतात. तुम्ही कोणाला उलट जामीन राहिला असाल तर तो आकडाही स्वतःच्या कर्जाच्या यादीत लिहून ठेवा, कारण त्यानं थकवलं तर कपात तुमच्या पगारातून होते.

चाफा
जामिनाचा रकाना! हा मुद्दा कधीच कोणी मांडत नाही. धन्यवाद.

निवडुंग
शून्य टक्के हप्त्याच्या आणि "फक्त ९ टक्के" वाल्या जाहिरातींबद्दल कोणी लिहिलं नाही. दुकानात सांगतात तो ९ टक्के बहुतेक वेळा सपाट दर असतो, म्हणजे हप्ते भरत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. १ लाख, ३ वर्षं, ९ टक्के सपाट म्हणजे व्याज २७,०००, हप्ता ३,५२८. घटत्या शिलकीवर हा दर सव्वासोळा टक्के पडतो. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,४१८ बसेल, म्हणजे १४ हा ९ पेक्षा स्वस्त! किरकोळ कर्जांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाच्या मुख्य अटींचा गोषवारा) हा कागद देणं बंधनकारक आहे. त्यात शुल्क धरून वार्षिक दर एका ओळीत असतो. सहीआधी तेवढी ओळ वाचा.

वाटाड्या
मग ते १५ टक्क्यांचं वैयक्तिक कर्जही सोनेतारणावर का वळवू नये? दोन्ही एकदम.

रेवातीर
@वाटाड्या, हिशेब करून बघू. ३० हप्ते गुणिले ६,४३० म्हणजे १,९२,९००. त्यातलं व्याज ३२,९०० उरलं आहे. स्थिर दराचं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद केलं तर शुल्क लागू शकतं. ४ टक्के अधिक जीएसटी धरलं तर १,६०,००० वर ७,५५२. १० टक्क्यांच्या नव्या कर्जावर ३० महिन्यांचं व्याज साधारण २१,५०० होईल. म्हणजे वाचतील चारेक हजार, आणि त्यासाठी दोन्ही कर्जांचं मिळून साडेचार लाखांचं सोनं अडकवायचं. मी नाही करणार. ते चालू द्या, हप्ता चुकवू नका. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची गोष्ट वेगळी, तिथे मुदतपूर्व फेडीला शुल्क नसतं.

लोखंडे_पूल
हप्ता चुकण्याचं एक साधं कारण तारीख असतं. पगार १ तारखेला, हप्ता २ ला, आणि पगार एक दिवस उशिरा आला की नाचचा (NACH, खात्यातून आपोआप होणारी वजावट) हप्ता परत जातो. आपली बँक शुल्क लावते, कर्ज देणारा वेगळं लावतो, दोन्हींवर जीएसटी, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालावर, नोंद. १ ऑगस्ट २०२१ पासून नाचची वजावट रविवारी आणि सुट्टीलाही होते, त्यामुळे "आज सुट्टी आहे, उद्या भरू" चालत नाही. हप्त्याची तारीख ५ ते ७ दरम्यान मागून घ्या आणि आदल्या संध्याकाळी खात्यात रक्कम ठेवा.

पेन्सिल
@मुनीमजी, दर आधी बदलायचा असेल तर माझा आक्षेप मागे. १० टक्क्यांच्या कर्जासोबत अडीच टक्क्यांच्या खात्यात रकाना ठेवणं परवडतं. पण मग घरखर्च २,००० नं कमी व्हायलाच हवा:

४८,००० वजा हप्ते ९,०००, सोनेतारणाचं व्याज ५००, वार्षिक रकाना ४,०००. उरले ३४,५००. आणि खर्च आहे ३६,५००.

हे दोन हजार कुठून?

मुक्ता_वि
गावी पाठवायचे ३,००० आणि औषधं यांना हात लावू नये, हे आधी स्पष्ट करते. बाकी असं:

किराण्याचे ११,५०० चार आठवड्यांत वाटू नका. तिथेच महिनाअखेर घोळ होतो. महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस असतात. ७,५०० चा वाणसामान-गॅसचा भाग पहिल्या आठवड्यात यादी करून एकदम आणा. दूध-भाजीला दिवसाचे १०० असे ३,००० ठेवा. १०,५०० झाले, हजार सुटले. साठवणीचे गहू-तांदूळ घरात असताना महिन्याच्या यादीत पुन्हा पिठाची पाकिटं येतात, ती आधी काढा.

बँकेच्या ॲपमध्ये यूपीआय ऑटोपेची यादी उघडा. न बघितलेल्या वर्गण्या, जुनी स्टोरेजची रक्कम, मोफत महिन्यानंतर चालू राहिलेली ॲप, सगळं तिथे दिसतं. ३०० ते ५०० सहज निघतात. मंजुरी तिथूनच रद्द करा, नुसतं ॲप काढून टाकलं तर वजावट थांबत नाही.

किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट वापरता येईल. आठवड्याला ठरलेली रक्कम टाका, आपोआप भरणा बंद ठेवा. संपली की संपली. एक तोटा: बँकेच्या पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, एकेक खर्च दिसत नाही. तो ॲपमधून वहीत उतरवावा लागतो.

उरलेले पाचशे पेट्रोलमधून.

आबाकाका
आणि फेब्रुवारीत पगार १०० रुपये कमी येतो, व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात म्हणून. इतक्या घट्ट तक्त्यात तेही लिहून ठेवा.

रेवातीर
एक अडचण अजून कोणी मांडली नाही. दरमहा ४,००० बाजूला पडतील आणि वर्षाची बेरीज जुळेल, पण खर्च समान अंतरानं येत नाहीत. बारा महिने एकाखाली एक लिहा, प्रत्येकापुढे त्या महिन्याचा वार्षिक खर्च, मग चालती बेरीज. सगळ्यात खोल खड्डा जिथे येईल तेवढी सुरुवातीची शिल्लक लागते.

फी दोन सत्रांत, जून आणि नोव्हेंबरमध्ये १२,००० प्रत्येकी, असं धरते. जानेवारीत सुरुवात केली तर सप्टेंबरअखेर जमा ३६,०००. खर्च मे महिन्यात धान्य आणि गाव १४,०००, जून फी १२,०००, जुलै दुचाकी विमा २,०००, ऑगस्ट टर्म ९,०००, सप्टेंबर आरोग्य विमा १४,००० आणि गणपती ५,०००. एकूण ५६,०००. खड्डा २०,००० चा, आणि बोनस अजून महिनाभर लांब. हाच तो क्षण, जेव्हा कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

सुरुवात दिवाळीनंतर केली तर? बोनसमधले १०,००० दिवाळीला, २०,००० रकान्यात. नोव्हेंबर ते सप्टेंबर ११ भरणे, ४४,०००. जमा ६४,०००. खर्च वरचे ५६,००० अधिक नोव्हेंबरची फी १२,०००, म्हणजे ६८,०००. खड्डा फक्त ४,०००, तोही ऑक्टोबरच्या भरण्यानं बुजतो.

मुनीमजी
वा, हे महत्त्वाचं. मग सोनेतारण ६०,००० ऐवजी ६४,००० चं करा आणि ते ४,००० रकान्यात टाका. व्याज महिन्याला ३३ रुपये जास्त. हे खातं वेगळ्या बँकेत, यूपीआय न जोडता आणि डेबिट कार्ड न घेता ठेवा. आरडी करायची तर बँकेची वर्षाच्या आतली करा. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते, तीन वर्षांआधी मोडता येत नाही, या कामाला ती गैरसोयीची.

बोरीबाभळी
कार्ड फेडल्यावरची एक गोष्ट राहिली. ६०,००० भरले की विषय संपला असं समजू नका. बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते हजार-दीड हजारही असू शकतं. दुर्लक्ष झालं की त्यावर विलंब शुल्क आणि पुन्हा चक्र. दोन बिलं शून्य आलेली बघा, मगच कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर बँकेनं ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, त्यापुढे दिवसाला ५०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

वसुलीवाले "निम्म्यात सेटलमेंट करू" म्हणाले तर घाई नको. सिबिलवर "सेटल्ड" नोंद राहते आणि पुढचं गृहकर्ज अडतं. पूर्ण फेडून "क्लोज्ड" नोंद घ्या. अहवाल दर वर्षी एकदा मोफत मिळतो, तो काढून नोंद बदलली का ते बघा.

सातबारा
दुचाकीचा शेवटचा हप्ता गेला की एनओसी आणि सहीचा फॉर्म ३५ मागून घ्या आणि आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. लोक विसरतात, आणि गाडी विकताना पळापळ होते. एनओसीची मुदत मर्यादित असते, कपाटात ठेवून देऊ नका.

जमाखर्च
सर्वांचे आभार. माझा क्रम दुरुस्त करतो. आधी दर, त्याच दिवशी रकाना, आणि मुहूर्त दिवाळीनंतरचा.

पहिले ९ महिने: घर ३४,५००, हप्ते ९,०००, सोनेतारणाचं व्याज ५३३, रकाना ४,०००. वरचे ३३ रुपये किरकोळमधून.
दहाव्या महिन्यापासून: दुचाकीचे २,५७० सुटतात, ते सगळे सोनेतारणाच्या मुद्दलात. व्याजाचे ५३३ धरून महिन्याला ३,१०० भरत राहायचं.
३० व्या महिन्यात वैयक्तिक कर्ज संपतं. सोनेतारणाची बाकी तेव्हा सहा हजारांच्या आत आलेली असेल, ती सुटलेल्या ६,४३० मधून ३१ व्या महिन्यात फिटते आणि दागिना घरी येतो.

त्यानंतर ९,५०० मोकळे. अकरा महिने तेच वेगळे ठेवले तर तीन महिन्यांचा घरखर्च गाठीला जमतो. या तक्त्यात पगारवाढ धरलेली नाही. झाली तर पहिल्या वर्षी निम्मी सोनेतारणात.

आबाकाका
तक्ता बरोबर आहे. एक भर घाला: सोनेतारणाचं नूतनीकरण मध्ये दोनदा येईल, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात. तेव्हा नवा दर, मूल्यांकन शुल्क आणि प्रक्रिया शुल्क आधी विचारा, आणि मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी शाखेत जा. दुसऱ्या वेळी मुद्दल बरंच उतरलेलं असेल, तेव्हा सगळे दागिने ठेवायची गरज नाही. एखादा आधी सोडवून घेता येतो. पण त्यासाठी पहिल्या दिवशीच प्रत्येक दागिन्याचं निव्वळ वजन पावतीवर वेगवेगळं लिहून घेतलेलं हवं.